लाखेचा सांधा व पृष्ठाचें रूप

वज्रलेपाच्या किंवा तत्सम सांधलेपांच्या कृति सांगणारीं टिपणें जुन्या बाडांत अधूनमधून आढळतात. कोठें वैद्यकाच्या पोथीच्या अखेरीस, कोठें एखाद्या खर्ड्याच्या कोऱ्या राहिलेल्या पाठीवर, द्रव्यांचीं नांवें व त्यांचीं प्रमाणें घाईघाईनें उतरून घेतलेलीं असतात. असा कागद हातीं आला म्हणजे संग्राहकाचें पहिलें लक्ष पाठाकडे जातें : ‘कुंदुरु’ कीं ‘कुंदर’, आठ भाग कीं अठरा. पाठनिश्चयाचें महत्त्व मी कमी मानीत नाहीं. माझें सारें आयुष्य तेंच शिकविण्यांत गेलें. परंतु कृतीचा पाठ कितीहि शुद्ध झाला तरी सांधा कां टिकतो व कां सुटतो या प्रश्नाचें उत्तर त्यांतून अर्धेंच मिळतें. उरलेलें अर्धें, लेप ज्यास लागतो त्या पृष्ठाच्या रूपांत आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. आपल्या संग्रहांतील तरवारी, मूर्ति व कागद यांचें आयुष्य त्यावर अवलंबून आहे.

हा विचार गोंदियाच्या बाजूस बसून करणें सोयीचें आहे, कारण सांधलेपांत ज्या द्रव्याचा मान मोठा ती लाख येथल्या रानांत होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. त्यापूर्वींच्या कागदोपत्रीं हा सारा मुलूख भंडाऱ्याच्या नांवावर सांपडेल. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगांव या अंगास पळस, बोर व कुसुम हीं झाडें आहेत, आणि लाखेचा किडा मुख्यतः याच तीन झाडांवर पोसला जातो. तो कोवळ्या फांदीचा रस शोषितो व आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें द्रव्य स्रवतो. असंख्य किड्यांचे स्राव एकमेकांस मिळून फांदीवर जें खडबडीत कवच बसतें ती काडीलाख. ती खरडून, कुटून व धुवून दाणालाख होते. दाणालाख कापडाच्या लांब पिशवींत भरून विस्तवासमोर पिळली म्हणजे वितळून बाहेर येते, व तिचा पातळ पत्रा ताणला म्हणजे चपडी तयार होते. पळस व बोर यांवरील ती रंगीनी, कुसुमावरील ती कुसुमी. कुसुमीचा रंग फिका, म्हणून तिला भाव अधिक.

आपल्या वाङ्मयांत लाखेचें पहिलें स्तवन सांधणारी म्हणूनच आहे. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांतील पांचवें सूक्त लाक्षेस उद्देशून असून तेथें ती दंडाच्या वा बाणाच्या घावानें फाटलेलें शरीर भरून आणणारी म्हणून आली आहे. पुढें महाभारतांत जतुगृहाच्या कथेनें तिची ज्वलनशीलता सर्वांच्या स्मरणांत राहिली व पहिला गुण मागें पडला. कारागिराच्या दृष्टीनें पाहतां तिचे गुण थोडक्यांत असे : सुमारें ७५ ते ८० अंश सेंटिग्रेड उष्णतेस ती वितळते, थंड होतांच कठीण होते, पाण्यांत विरघळत नाहीं, मद्यार्कांत विरघळते. दोषहि तितकेच स्पष्ट आहेत. थंडीनें ती आकसते, कठीण झाल्यावर ठिसूळ राहते, आणि फार वेळ तापविली तर अशी घट्ट होते कीं पुन्हा वितळतच नाहीं. या दोषांचा परिहार जुन्या कारागिरांनीं कसा केला, हेंच पुढें पाहावयाचें आहे.

प्रथम ग्रंथ. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय आहे. ग्रंथ इसवी सनाच्या सहाव्या शतकांतला. भट्टोत्पलाची टीका दहाव्या शतकांतली. पहिल्या लेपांत कच्चीं तेंदूफळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, धामणीची साल व वेखंड यांचा एक द्रोण पाण्यांत अष्टमांश काढा करावयाचा, आणि त्यांत श्रीवासक, बोळ, गुग्गुळ, बिबा, कुंदुरु, राळ, जवस व बेल यांचा कल्क मिसळावयाचा. दुसऱ्यांत लाख, कुंदुरु, गुग्गुळ, घरांतील धुराचें काजळ, कवठ, बेलाचा गर, कडुनिंब, मोहा, मंजिष्ठ, राळ, आंवळा इत्यादि द्रव्यें येतात. तिसरा शिंगें, कातडें व केस यांचा, म्हणजे ज्यास आपण सरस म्हणतों त्या जातीचा. चौथा वज्रसंघात, मयानें सांगितलेला : शिसें ८ भाग, कांसें २ भाग, रीतिका १ भाग. हा धातूचा रस होय.

पहिल्या दोन लेपांची यादी वाचतांना गोंदियाच्या माणसास आपलेंच रान समोर उभें राहिल्यासारखें वाटतें. तेंदूच्या पानांवर तर येथला विडीचा धंदाच चालतो. सालई, धामण, सांवर, बिबा, मोहा, बेल यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. जवस धानाच्या बांधींतल्या ओलीवर उतेरा म्हणून पेरतात. राळ देणारा साल तेवढा पूर्वेस, बालाघाट व छत्तीसगड या अंगास. यावरून वज्रलेप येथेंच निर्माण झाला असें अनुमान कोणी काढूं नये (आपल्या गांवाच्या अभिमानानें असलीं अनुमानें फार होतात). एवढेंच खरें कीं, हीं द्रव्यें ज्यानें हातानें हाताळलीं आहेत त्यास त्यांचे हेतु लवकर उलगडतात. राळ व लाख घट्ट धरण्यासाठीं. जवसाचें तेल हवेनें सुकून चिवट होतें, तें ठिसूळपणा कमी करण्यासाठीं. बेलाच्या गरांतील डिंक व तेंदूचा तुरटपणा चिकटीसाठीं. आणि काजळ हें निव्वळ भरण म्हणून, कीं ज्यायोगें लेप आकसतांना तडकूं नये.

आतां या अध्यायांत काय नाहीं तें पाहावें. प्रासाद, हर्म्य, वलभी, लिंग, प्रतिमा, भिंत व विहीर यांस लेप द्यावा असें सांगितलें आहे. तो किती काळ टिकतो तेंहि सांगितलें आहे. सहस्र अयुत म्हणजे गणितानें एक कोटि वर्षें होतात. कवीस तेवढी मुभा असावी. परंतु दगड कसा घडलेला असावा, लेपाची जागा घासावी कीं टोंचावी, याविषयीं एक अक्षर नाहीं. पृष्ठाचा विचार सुचविणारी एकच गोष्ट त्यांत आहे : लेप चांगला तापवून द्यावा. कढत लेप पातळ असतो, पातळ लेप दगडाच्या बारीक खळग्यांत उतरतो, आणि तेथें निवाला म्हणजे त्याला मुळें फुटल्यासारखें होतें. शास्त्रकारानें पृष्ठाचें काम पाथरवटाच्या हातावर सोडलें, कारण टांकीचे घाव असलेला दगड हाच त्याच्या डोळ्यांपुढें होता. आजचा मनुष्य तीच कृति घासून आरशासारख्या केलेल्या पृष्ठावर करून पाहतो, व लेप सुटला म्हणजे पाठ भ्रष्ट आहे असें म्हणतो.

चिकटणें म्हणजे काय याचा पद्धतशीर विचार मॅक्बेन व हॉपकिन्स यांनीं इ. स. १९२५ मध्यें केला. त्यांनीं दोन प्रकार मानले. लेप द्रवरूपानें छिद्रांत शिरून तेथें घट्ट होतो व खुंटीसारखा अडकतो, हा एक. निश्छिद्र व गुळगुळीत पृष्ठासहि तो द्रव्याद्रव्यांतील आकर्षणानें धरून राहतो, हा दुसरा. इ. स. १९३६ सालीं वेन्झेल यानें असें दाखविलें कीं, खडबडीत पृष्ठाचें खरें क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळाहून मोठें असल्यामुळें, जो द्रव पृष्ठास भिजवितो तो खडबडीत पृष्ठास अधिकच भिजवितो, आणि जो भिजवीत नाहीं तो अधिकच अंग चोरतो. याचें गणित शुल्बसूत्रांतल्या कर्णाचेंच आहे. एक चौरस इंच सपाट दगडावर दोन्ही बाजू ४५ अंशांनीं उतरत्या अशा खांचा सलग कोरल्या तर तेंच पृष्ठ सुमारें १.४१ चौरस इंच होतें. उतार ६० अंशांचा केला तर २ चौरस इंच होतें. मग ८० अंशांचा कां करूं नये? कारण खांच जितकी अरुंद व खोल, तितकी तिच्या तळाशीं हवा कोंडून राहते. लेप वरच्यावर पूल बांधल्यासारखा बसतो, आणि वाढलेलें क्षेत्रफळ हिशेबांतच राहतें. शिवाय तीक्ष्ण कोपऱ्याशीं ताण एकवटतो व ठिसूळ लाखेला तेथूनच तडा जातो. म्हणून उथळ, दाट व बोथट तळाचे घाव हे खोल व विरळ घावांपेक्षां बरे.

दुसरी गोष्ट ओढीच्या दिशेची. दोन पृष्ठें एकमेकांवरून सरकविण्याचा यत्न केला तर लाखेचा सांधा पुष्कळ सोसतो. पण एका कडेपासून सोलूं लागलें तर तोच सांधा अल्प बळानें सुटतो, कारण सारा भार एका रेषेवर येतो. सरकण्याच्या ओढींतहि भार सर्वत्र सारखा नसतो. एकावर एक ठेवून जोडलेल्या पट्ट्यांत तो सांध्याच्या दोन टोंकांशीं एकवटतो, हें फोल्कर्सेन यानें इ. स. १९३८ मध्यें गणितानें मांडलें. टोंकें निमुळतीं केलीं म्हणजे हा भार सौम्य होतो. सुताराचा तिरकस सांधा यासाठींच असतो. त्यास फोल्कर्सेन ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

हें ध्यानांत धरून कारागिरांकडे पाहिलें म्हणजे त्यांच्या चाली बोलूं लागतात. शिकलगाराचें धार लावण्याचें चाक कुरुंदाची भरड व लाख यांचें केलेलें असे. लाख ठिसूळ खरी, पण कुरुंदाचा प्रत्येक कण कोनाकोनाचा असल्यामुळें ती त्यास चहूंकडून कवटाळते, आणि दोन कणांमधील लाखेचा थर इतका पातळ राहतो कीं आकसण्यास तिला वावच मिळत नाहीं. त्याच लाखेनें गोल गुळगुळीत गोटे बांधून पाहावेत. पहिल्याच घर्षणांत ते निखळतील. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा जातीची माहिती रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या इ. स. १९१६ च्या ग्रंथांत आली आहे. बांगडीची लाखहि शुद्ध क्वचितच असते. तींत मातीसारखें भरण असतें. नुसता काटकसरीचा हेतु धरला तर हें अपुरें समजलें असें होईल.

तरवारीचें उदाहरण संग्राहकांस अधिक जवळचें आहे. आपल्याकडील लोखंडी मुठीच्या तरवारींत पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीच्या पोकळींत शिरतो, आणि बहुधा खिळ्यावांचून, राळ, लाख व विटेची पूड यांच्या कढत मिश्रणानें तेथें बसविलेला असतो. पाश्चात्य तरवारींत हा भाग मुठीच्या पार जाऊन मागें ठोकून बसवितात. त्या सवयीच्या लोकांस आपली रीति कच्ची वाटली. वस्तुतः येथें पृष्ठाच्या रूपाची सोय पुरती साधली आहे. आंत जाणारा भाग चपटा व लांबट, म्हणून लेपावर येणारी ओढ मुख्यतः सरकण्याची. वार करतांना पडणारी आडवी मुरड लेपावर न पडतां मुठीच्या तोंडाशीं असलेल्या लोखंडी फटीवर पडते. मुठीची आंतील बाजू कधींच घोटलेली नसते व पात्याच्या त्या भागावर घणाचे आणि कानशीचे ओरखडे तसेच राहूं दिलेले असतात. विटेची पूड लाखेस आकसूं देत नाहीं. शिवाय मूठ विस्तवावर धरतांच सांधा सुटतो व पातें दुसऱ्या मुठींत बसवितां येतें. एकाच पात्यानें दोन-तीन मुठी पाहिल्याचीं उदाहरणें यामुळेंच होतात.

याच ठिकाणीं हल्लींच्या एका रीतीविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. मूठ हालूं लागली म्हणजे पातें काढून त्याचा आंतला भाग पॉलिश-कागदानें चकचकीत करणें व बाजारांतील दोन नळ्यांच्या कृत्रिम राळेनें तो पुन्हा बसविणें, हा प्रकार सर्रास चालतो. यानें ओरखडे जातात, म्हणजे पकड जाते. त्या भागावर एखादी खूण कोरलेली असली तर तीहि जाते. आणि हा नवा लेप लाखेप्रमाणें हलक्या ऊबेनें सुटत नसल्यामुळें पुढच्या अभ्यासकास मुठीचें अंतरंग पाहणें दुरापास्त होतें. जुनी लाख जागच्या जागीं पुन्हा वितळवून बसविणें हेंच श्रेयस्कर, आणि पुष्कळदां तेवढेंच पुरेसें असतें.

भित्तिचित्रांचें उदाहरण याच न्यायानें पाहावें. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्राखालची भिंत टांकीच्या घावांनीं खडबडीत ठेवलेली आहे. त्यावर भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु मिसळलेला मातीचा गिलावा, व त्यावर चुन्याचा अत्यंत पातळ हात. कातळ व गिलावा यांचा सांधा घावांनीं सांभाळला, गिलाव्याचा स्वतःशीं सांधा तुसांनीं. पुढें निजाम सरकारनें इ. स. १९२० ते १९२२ या काळांत चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन जाणत्यांकडून चित्रांचें रक्षण करविलें तेव्हां लाखेचा पातळ लेप चित्रांवरून देण्यांत आला. त्यांच्या हेतूविषयीं शंका नाहीं, आणि सुटत चाललेले कित्येक तुकडे त्यांनीं वांचविले हेंहि खरें. परंतु कालांतरानें तो लेप पिवळट-काळसर पडला, आणि तो काढण्याचें कष्टाचें काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस करावें लागलें. मला यांत दिसतें तें असें : मागच्या बाजूस सांधा खडबडीत पृष्ठावर होता व तो शतकानुशतकें टिकला, पुढच्या बाजूस तीच चिकट जात गुळगुळीत, सलग कवच म्हणून बसविली गेली. आकसणारें कवच ज्या थरास धरतें त्यासच ओढतें, आणि रंगाचा थर हा सर्वांत दुबळा.

याउलट गुळगुळीत पृष्ठ हवेंच असा प्रसंगहि शास्त्रांत आहे, तो सांगितला नाहीं तर विषय एकांगी होईल. कल्याणीच्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकांत, वज्रलेप हें नांव म्हशीच्या कातड्याच्या सरसास दिलें आहे. ताजें कातडें लोण्यासारखें मऊ होईपर्यंत शिजवावें, त्याच्या शलाका करून वाळवाव्या, व लागेल तेव्हां पाण्यांत कढवून पांढऱ्या मातीबरोबर समतल भिंतीवर तीनदां पातळ द्यावा. येथें सांधा जाड नाहींच. प्रत्येक हात इतका विरळ कीं तो भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांत जिरतो. डोळ्यांस सपाट दिसणारें पृष्ठ सरसाच्या दृष्टीनें सच्छिद्रच असतें. वराहमिहिराचा वज्रलेप व सोमेश्वराचा वज्रलेप यांचें नांव एक, द्रव्य निराळें, आणि अपेक्षित पृष्ठहि निराळें. दोन्ही कृति एका यादींत घालून त्यांची तुलना करणें म्हणूनच व्यर्थ आहे. तिसरें टोंक म्हणजे हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी बांधणी. तींत चुनाहि नाहीं, लेपहि नाहीं, नुसत्या घडीव पृष्ठांच्या व खांचांच्या मेळानें दगड दगडास धरतो. गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या शिवालयास जाणाऱ्यांनीं दर्शनाबरोबर दगडांच्या सांध्यांकडेहि एकदां पाहावें.

शेवटीं कागद. दौलताबादी, जुन्नरी इत्यादि जुने कागद खळ देऊन घोटलेले असत, जेणेंकरून बोरू अडखळूं नये व शाई फुटूं नये. लेखनास जें रूप उत्तम तेंच सांध्यास प्रतिकूल. लांब कागदांत बंदास बंद चिकटविलेले असतात. ते सुटतात ते बहुधा घोटलेल्या बाजूनें, आणि कडेपासून सोलले जाऊन, कारण गुंडाळी उलगडतांना प्रत्येक वेळीं ओढ सोलण्याचीच पडते. अशा सांध्यावर पाठीमागें शिक्का उठविण्याची चाल होती, कीं ज्यायोगें मधला बंद कोणी बदलला तर अर्धा शिक्का अर्ध्याशीं जुळूं नये. म्हणून सुटलेला सांधा हा स्वतः एक पुरावा आहे. तो पुन्हा चिकटवितांना शिक्क्याच्या रेषा केसभरहि सरकूं देऊं नयेत, व त्यावर ठिगळ तर मुळींच लावूं नये.

फाटलेल्या पानास ठिगळ द्यावयाचें झाल्यास तें कात्रीनें कापूं नये, ओल्या रेषेवर हातानें फाडून घ्यावें. कापलेली कड एकदम संपते व पान नेमकें त्या कडेवर मोडतें. फाडलेल्या कडेस तंतूंची विरळ झालर राहते, तिच्यामुळें जाडी हळूहळू कमी होते. सुताराच्या तिरकस सांध्याचाच हा कागदी अवतार होय. खळ पातळ असावी व पाण्यानें पुन्हा सुटणारी असावी. पारदर्शक चिकटपट्टी इ. स. १९३० च्या सुमारास बाजारांत आली, आणि तेव्हांपासून पोथ्यांचें जितकें नुकसान तिनें केलें तितकें क्वचितच दुसऱ्या कशानें झालें असेल. तिचा चिकट भाग कागदांत तेलासारखा उतरतो, पट्टी गळून पडते, व तांबूस डाग कायमचा राहतो. घोटलेला कागद असला तर पट्टी काढतांना वरचा घोटीव पापुद्रा अक्षरांसकट निघतो.

सुटलेला सांधा हातीं आल्यास तो पुसण्यापूर्वीं भिंगानें वाचावा. दोन्ही पृष्ठांवर लेप शिल्लक असेल तर लेप स्वतः फुटला. कृति, भरण किंवा वय यांत दोष शोधावा. एका पृष्ठावर सारा लेप व दुसरें पृष्ठ स्वच्छ असेल तर त्या दुसऱ्या पृष्ठानें लेपास धरलेंच नव्हतें. तें फार गुळगुळीत, तेलकट, धुळीचें किंवा थंड असलें पाहिजे. लेपाबरोबर दगडाचा वा कागदाचा थर निघून आला असेल तर लेप वस्तूहून बळकट होता, व तो तेथें लावण्यासच नको होता. खळग्यांच्या तळाशीं चकचकीत गोल ठिपके दिसले तर ते कोंडलेल्या हवेचे समजावे. हीं निरीक्षणें त्या त्या वस्तूच्या टिपणांत दिनांकासह लिहून ठेवावीं. वस्तु पुन्हा जोडल्यावर तीं मिळावयाचीं नाहींत.

आपल्या संग्रहांत सांधलेपाची एखादी कृति असून तींत द्रव्यांखेरीज पृष्ठाविषयीं कांहीं शब्द, म्हणजे टोंचणें, खरडणें, तापविणें, घोटूं न देणें अशा अर्थाचे, आले असल्यास संग्राहकांनीं त्याची अक्षरशः नक्कल, पानाच्या पाठपोटाच्या उल्लेखासह, मंडळाकडे धाडावी. असे शब्द नक्कल करणारे बहुधा किरकोळ म्हणून गाळतात.